चुनाभट्टीचं नाक

कचऱ्याच्या डोंगराच्या ऐन पायथ्याशी मांडव घातला होता आणि मांडवात बसून पाहुणे पोहे खात होते. लांबलांबच्या महापालिकांमधून ते हिरणपूरचा चमत्कार बघायला आले होते. वर डंपर रिकामा होत होता. काळं पाणी, कुजका कोबी, कुणाच्या तरी लग्नातलं आंबलेलं जेवण आणि फाटक्या गोणीतलं मेलेलं कुत्रं घरंगळत खाली येत होतं, आणि खाली पाहुणे पोह्यांवर लिंबू पिळून घेत होते. "फोडणीचा वास काय झकास सुटलाय!" असं म्हणत एका जाडजूड अधिकाऱ्याने आणखी वाढून घेतले. माशा मात्र त्याच्या बशीवरून हटत नव्हत्या. समान श्वास योजनेचा लाभ त्यांना मिळालेला नव्हता.

चुनाभट्टी प्रभागाची नगरसेविका कलावती धोत्रे यजमानीण म्हणून मांडवात उभी होती. रस्त्याकडेच्या खांबांवरून फुस्स आवाज करत धुकं सुटलं, तसे पाहुणे कौतुकाने वर बघू लागले. दिवसातून अनेकदा हे धुकं वस्तीवर उतरायचं. अंगावर गार लागायचं आणि लगेच विरून जायचं.

"नाकात वरच्या बाजूला गंध टिपणाऱ्या पेशी असतात," उपायुक्त ताम्हनकर समजावून सांगत होते. योजना त्यांच्याच डोक्यातून निघालेली. "प्रत्येक पेशीला एकेक कुलूप असतं म्हणा. सडक्या वस्तूतून गंधकाचे नि अमोनियाच्या जातीचे रेणू उडतात. ते कुलपात बसले की मेंदूला घाण समजते. आमच्या धुक्यात गंधरोधक आहे. तो आधीच त्या कुलपात जाऊन बसतो. दार उघडतच नाही. मोगऱ्याची, चहाची, फोडणीची कुलपं निराळी. ती चालू राहतात."

"नव्या माणसावर किती वेळात चालतं?" कुणीतरी विचारलं.

"तुमचा चहा संपेपर्यंत. दोन दिवस धुक्यापासून लांब राहिलात की नाक पहिल्यासारखं. अपाय काही नाही. गॅस गळला तरी वास येणार नाही, हे आम्ही ओळखलं होतं. म्हणून घरोघर गजर बसवले. सगळ्या शक्यतांचा विचार केलेला आहे." मग ते कलावतीकडे वळले. "आणि ह्या आमच्या कलावतीताई. ह्यांनी पाठपुरावा केला नसता तर हिरणपूरला 'मायाळू शहर' पुरस्कार मिळाला नसता."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कलावतीने हात जोडले. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा! बरं वाटण्यासारखंच होतं ते. तिची उमर त्या डोंगराशी भांडण्यात गेली होती. डंपरपुढे ती आडवी झोपली होती. सगळे महापौर 'डोंगर हलवू' म्हणायचे आणि हलायचे ते महापौर. डोंगर आपला तिथेच. वस्तीतल्या पोरींची लग्नं जमेनाशी झाली. तिच्या रोहिणीला बघायला आलेला पहिला पाहुणा तर उंबऱ्यावरच ओकला आणि तसाच माघारी गेला. पोरगी आठवडाभर खोलीबाहेर आली नाही. त्यानंतर धुक्याची योजना सभागृहात आली, तेव्हा कलावतीने एक नाही, दोन्ही हात वर केले होते. पुढच्याच वर्षी सांगोळीच्या विटकरांनी धुक्यात बसून कांदेपोहे खाल्ले आणि रोहिणीला पसंत केलं.

तीच रोहिणी आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवड्याची मुलगी कुशीत घेऊन आतल्या खोलीत शेकत होती. पाहुणे गेले तशी कलावती लगबगीने घरी आली, कारण बाळाला न्हाऊ घालायचं काम ती कुणावर सोपवत नसे.

पाय लांब पसरून, बाळाला नडग्यांवर पालथं घालून तिने कढत पाण्याचे तांबे ओतले. अंग पुसलं. मग वाकून बाळाच्या टाळूचा, कानामागचा, काखेचा आणि सगळ्यात शेवटी बेंबीचा वास घेतला. नाळेचा काळा खुंट अजून पडला नव्हता. तिची आई असंच करायची. 'बाळंतीण आणि बाळ नाकानं बघायचं, डोळ्याला उशिरा दिसतं,' हे तिचं म्हणणं. रोहिणीच्या वेळी आईने असंच वासावरून कानाचं दुखणं वेळेवर ओळखलं होतं. कलावतीने पुन्हा एकदा बेंबीशी नाक नेलं. काही वास नव्हता. शेकशेगडीतल्या ओव्याचा तेवढा येत होता. तिने बेंबीवर तेल-हळदीचं बोट फिरवलं आणि बाळाला दुपट्यात गुंडाळलं.

दुपारी विहीण आली. पारूबाई विटकर, सांगोळीहून, नातीला पहिल्यांदाच बघायला. रिक्षातून उतरतानाच तिने पदर नाकाला लावला होता. उंबरा ओलांडला तरी पदर नाकावरच.

'आल्या नाक मुरडत,' कलावती मनात म्हणाली. विहिणीच्या नाकाला काय, सोन्याच्या ताटात जेवायला घातलं तरी ताटाचा वास येतो.

पारूबाईने हातपाय धुतले आणि चहा यायच्या आधीच बाळाला मांडीवर घेतलं. पापा घ्यायला वाकली आणि तशीच थबकली. दुपटं सोडून तिने पुन्हा वास घेतला. "कलावतीबाई, हिच्या बेंबीला वास मारतोय."

"वास?" कलावतीचा आवाज चढला. "सकाळी मी स्वतः बघितलंय. काय न्हाई."

"न्हाई कसं? सडका वास येतोय. दाक्तराला दावा की."

"आमच्या घरालाच वास येतोय म्हणा ना सरळ! लग्नात पोहे गोड लागले, तवा न्हाई आला वास? माझ्या लेकीचं बाळंतपण मी करतीया. रात न्हाई की दिवस न्हाई. खोट काढायलाच आला असशीला तर काढा."

"आई, गप की," आतून रोहिणी म्हणाली.

पारूबाईने बाळ परत दुपट्यात गुंडाळून खाली ठेवलं. सुनेच्या माहेरी येऊन भांडण कोण ओढवून घेणार! चहा आला. तो तिने मुकाट्याने प्यायला. कप खाली ठेवून तिने परत एकदा बाळ उचललं, बेंबीशी नाक नेलं, दोनदा हुंगलं आणि तिचा चेहरा ओशाळा झाला.

"मलाच भास झाला आसंल," ती म्हणाली. "आता कायबी येत न्हाई."

कलावती जिंकली. संध्याकाळच्या एसटीने विहीण परत गेली, तेव्हा तिची ओटी भरताना कलावतीने मुद्दाम मोठा नारळ घातला.

दुसऱ्या दिवशी बाळाने अंगावर प्यायचं कमी केलं. तिसऱ्या दिवशी ते रडेनाच. अंग आधी तापलं, मग गार पडलं. रोहिणीने एकच किंकाळी फोडली आणि कलावतीने बाळ उचलून, पायात चप्पल नाही काही नाही, रिक्षा गाठली.

सरकारी दवाखाना नदीच्या पलीकडे होता. तिथल्या नर्सने दुपटं सोडलं आणि मान झटकन बाजूला केली. तोंडावर मास्क असूनही तिने हाताचा पंजा नाकावर धरला.

"अगं बाई! एवढी घाण सुटलीये आणि आत्ता आणताय? सडलंय हे!"

"काय सडलंय?" कलावतीने विचारलं. ती बाळावर वाकली. तिला डेटॉलचा वास येत होता, नर्सच्या हातावरच्या साबणाचा येत होता. बाळाचा नव्हता. नर्सने ओल्या कापसाने हळद पुसून काढली, तेव्हा खालची लाल-जांभळी कातडी दिसली आणि खुंटाच्या मुळाशी पिवळट पू.

"कुठून आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"चुनाभट्टी."

डॉक्टर आणि नर्सने एकमेकींकडे बघितलं. डॉक्टर तरुण होत्या, आवाज तुटक होता. "नाळेतून संसर्ग रक्तात गेलाय. दोन दिवस आधी आणलं असतं तर सोपं होतं. आता प्रयत्न करू. आणि तेल-हळद कुणी लावायला सांगितलं होतं? काही लावायचं नसतं." काचेचं दार बंद झालं.

दोन दिवस आधी. दोन दिवस आधी विहिणीने सांगितलं होतं. उंबऱ्यातून आली तेव्हा तिचं नाक शाबूत होतं, आणि चहाचा कप रिकामा होईपर्यंत ते गेलं होतं. कलावतीला सगळं एकदम समजलं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली. आपण रोज सकाळी वाकून वाकून काय हुंगत होतो? ज्या नाकावर भरवसा ठेवला, ते आपणच हात वर करून बंद करून घेतलं होतं.

ती तिथून हलली नाही. काचेच्या पलीकडे नळ्यांमध्ये गुंतलेला तो एवढासा जीव आणि अलीकडे मागोमाग येऊन आखडून बसलेली रोहिणी. वस्तीतल्या देवीला नवस बोलून झाला, देवीला शिव्या देऊन झाल्या. बाकावर शेजारी बसलेली बाई हळूच उठून लांबच्या बाकावर गेली, ते कलावतीच्या लक्षात आलं. नंतर आलेला एक म्हातारा तिच्याजवळ बसला आणि तोही उठला.

दुसऱ्या रात्रीनंतरच्या पहाटे तिला जाग आली ती वासाने. आधी तिला वाटलं, बाकाखाली काहीतरी मरून पडलंय. ती उठून दुसरीकडे गेली. वास बरोबर आला. तिने पदर नाकाशी नेला आणि झटकन खाली सोडला. काल घरून आलेलं, धुवून घडी घातलेलं लुगडं होतं ते. त्याला डोंगराचा वास होता. केसांना होता. हाताच्या बोटांना होता. याच हातांनी ती भरसभेत लोकांच्या हातात हात देत होती, आणि लोक हसून हात मागे घेत होते. चुनाभट्टीची पोरं शाळेत मागच्या बाकावर का बसवतात, बसमध्ये त्यांच्याभोवती जागा का मोकळी राहते, हे तिला कधी समजलं नव्हतं. धुक्याच्या आधी वस्तीतल्या बाया कपडे पत्र्याच्या ट्रंकेत कापूर घालून ठेवायच्या, पोरांना शाळेला जाताना दोनदा अंघोळ घालायच्या. वास येईना तशी ती मेहनतही सुटली. वास मात्र कुठेच गेला नव्हता. तो वस्तीला सोडून सगळ्या गावाला येत होता.

शेजारणीने काल घरून आणलेला डबा पिशवीत होता. तिने झाकण उघडलं. डाळ आंबून तिच्यावर फेस आला होता. यातलीच अर्धी डाळ तिने काल रात्री रोहिणीला खाऊ घातली होती. कलावती मोरीकडे धावली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. तिला डोंगराची किळस आली, डाळीची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची आली. पुरस्काराच्या फोटोत आपण किती गोड हसलोय, ते तिला आठवत राहिलं.

त्याच दिवशी दुपारी बाळ रडलं. बारीक, चिरका आवाज. पण काचेपलीकडून ऐकू आला. डॉक्टरांनी मान हलवली. "धोका टळतोय बहुतेक. नाव ठेवलंय का?"

"बारशाला ठेवू," रोहिणी म्हणाली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळी रडली.

कलावती दवाखान्यातून तडक महापालिकेत गेली. ताम्हनकर तिला बघून खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. पूर्वी तिला वाटायचं, साहेब आपल्याला वारा यावा म्हणून खिडकी उघडतात.

तिने सगळं सांगितलं. ताम्हनकरांनी लक्ष देऊन ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण होती. "अतिशय गंभीर आहे हे," ते म्हणाले. "यावर उपाय करायलाच हवा. आपण असं करू, प्रत्येक नवजात बाळाच्या बेंबीला एक चकती लावू. संसर्गाचे रेणू आले की आईच्या मोबाइलवर गजर वाजेल. गॅसला केलं तसंच."

"आणि डाळीला?"

"अं?"

"डाळ आंबली तर? बाळंतिणीच्या अंगावरून घाण जायला लागली तर? म्हाताऱ्याच्या पायाची जखम चिघळली तर? किती चकत्या लावशीला, साहेब? देवानं एक नाक दिलं होतं, ते पुरत होतं."

"ताई, चार वर्षांत चुनाभट्टीतून एकही तक्रार नाही. लोक सुखी आहेत. तुम्हीच म्हणाला होतात."

"मग मंगळवारी सभेत काय आणताय?"

ताम्हनकरांनी चष्मा पुसला. मंगळवारच्या सर्वसाधारण सभेत एक प्रस्ताव होता आणि तो कलावतीने आजवर नुसता वरवर चाळला होता. शेजारच्या तीन नगरपालिकांचा कचराही हिरणपूरने घ्यायचा. डोंगराचा पाया शाळेच्या भिंतीपर्यंत वाढवायचा.

"त्यांच्याकडे जागाच नाही," ताम्हनकर म्हणाले. "आपल्याकडे विरोध शून्य आहे. तांत्रिक भाषेत त्याला सामाजिक क्षमता म्हणतात."

कलावतीने ते मनात जुळवून पाहिलं. लोकांना वास येत नाही, म्हणून ते ओरडत नाहीत. ओरडत नाहीत, म्हणून त्यांच्या डोक्यावर आणखी ओता. आणि याला म्हणे मायाळू शहर! असल्या मायेपेक्षा सावत्र आई बरी. ती मारते तेव्हा निदान लागतं तरी.

वस्तीत पाणी आणि धुकं दोन्हींचे व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला एकच होता, दस्तगीर. प्रभाग समितीची सभापती म्हणून धुकं दुरुस्तीसाठी बंद ठेवायला सांगण्याचा अधिकार कलावतीला होता. तिने तो वापरला. दस्तगीरने चावी फिरवली, पण फिरवताना म्हणाला, "आक्का, मलाबी हितंच राहायचंय."

दोन दिवसांनी चुनाभट्टीला नाक फुटलं. लोक घराबाहेर येऊन ओकू लागले. आईच्या पोटात असल्यापासून धुक्यात वाढलेली चिमुरडी पोरं तर वास म्हणजे काय हेच न कळून घाबरून रडत होती. बायांनी माठ फोडून टाकले, गाद्या बाहेर काढल्या, एकमेकींकडे बघायचं टाळू लागल्या. हौसाबाई मुढे पदर कंबरेला खोचून कलावतीच्या दारात आली. दोघी एका चाळीत वाढलेल्या.

"चालू कर ते," हौसाबाई म्हणाली. "तुझ्या नातीचं झालं म्हणून आमचं नाक उघडतीस व्हय? तू जाशील लेकीच्या घरला. आमी कुठं जायाचं? घास उतरंना घशाखाली. घाणीतच मरायचं हाय तर न कळता मरू दे की गं!"

हौसाबाईचं खोटं नव्हतंच काही. कलावतीने तिचा हात धरला आणि ती एवढंच म्हणाली, "रविवारपतुर कळ काढ. रविवारी पोरीचं बारसं हाय. सगळी सभा जेवायला येणार हाय हितं. त्यास्नी एकदा वास घेऊ दे. मग तू म्हणशील तसं."

हौसाबाईच्या सुजलेल्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आणि घुगऱ्या कोण करणार?"

आंदोलनाला बोलावलं तर पुढारी येत नाहीत. निवेदन घ्यायला शिपाई पाठवतात. पण मरण असो नाहीतर बारसं, घरचं बोलावणं आलं की त्यांना नाही म्हणता येत नाही. पुढच्या निवडणुकीत ते नेमकं आठवतं. शिवाय मरता मरता वाचलेली नात! महापौर चंद्रहास निंबाळे आले, दोन्ही बाजूंचे नगरसेवक आले, ताम्हनकर सपत्नीक आले. कलावतीने प्रत्येकाला गाडीपर्यंत जाऊन आणलं आणि थेट मांडवात बसवलं. डोंगर मागे उभा होता. वारा त्याच्याकडूनच येत होता.

पहिल्यांदा सगळ्यांच्या हसण्याचा आवाज बंद झाला. मग रुमाल निघाले. एका नगरसेवकाने अत्तराचा फाया नाकाला लावला, त्याने ते जास्तच भयंकर झालं. ताम्हनकरांनी खांबाकडे बघितलं, तिथे धुकं नव्हतं. त्यांनी कलावतीकडे बघितलं. ती पाळण्याला झेंडूची माळ बांधत होती.

"लवकर उरकून घ्या, ताई," महापौर रुमालाआडून म्हणाले.

"आत्या आल्याबिगर नाव कसं ठेवणार, साहेब? कानात सांगायचं तिनंच. एसटी जरा उशिरा हाय म्हणं." आणि नाव ठेवल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही, हे काही तिला सांगावं लागलं नाही.

तोवर वस्तीतल्या बाया घुगऱ्या वाढू लागल्या. गरम, खोबरं घातलेल्या, गूळ घातलेल्या. प्रत्येकाच्या हातात बशी आली. वर डंपर रिकामा झाला, वाऱ्याचा एक झोत खाली आला आणि महापौरांच्या बायकोने बशी खाली ठेवून तोंड फिरवलं. ताम्हनकर एक घास तोंडात घोळवत बसले होते, तो त्यांना गिळता येत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता. हौसाबाई त्यांच्यासमोर परात घेऊन उभी राहिली. "घ्या की साहेब अजून. लाजू नका."

पारूबाई कोपऱ्यात बसली होती. पदर नाकावरच होता. कलावती तिच्याजवळ गेली आणि सगळ्यांसमोर वाकून तिच्या पाया पडली. "विहीणबाई, तुमचं नाक खरं होतं. त्या दिवशी ऐकलं असतं तर पोरीचे हाल झाले नसते."

"उठा वो," पारूबाई पुटपुटली. "मीबी चहा पिऊन गप्पच बसले की."

आत्या आली. बाया पाळण्याभोवती जमल्या, बाळ खालून वरून फिरलं, आत्याने कानात नाव सांगितलं आणि पाठीत धपके खाल्ले. नाव ठेवलं तेजस्वी. कलावतीने बाळाला उचललं, सवयीने वाकली आणि बेंबीशी नाक नेलं. डोंगराचा वास सगळीकडे भरून होता, कपड्यांत, केसांत, श्वासात. पण त्याच्याखाली, अगदी खाली, दुधाचा आंबूस-गोड वास होता. बाळ ठीक होतं. तिचे डोळे भरून आले.

मग ती बाळ घेऊन महापौरांसमोर गेली आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळ घ्यायचं तर दोन्ही हात लागतात. निंबाळेंच्या हातातला रुमाल खाली पडला. ते तोंडाने श्वास घेऊ लागले. मग तेही जमेना, तेव्हा त्यांनी नाकाने एक श्वास आत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. एरवी पाच वर्षांत एकदा येऊन हात हलवून जाणारा हा गृहस्थ, मांडीवर ते चिमुकलं ओझं घेऊन डोंगराकडे बघत बसला. बाळाने त्यांच्या शर्टाची गुंडी धरली होती.

"अहो ताई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यात राग नव्हता, नाटकही नव्हतं. खरोखरच त्यांना कळत नव्हतं. "इथं माणसं राहतात तरी कशी?"

हौसाबाई परात धरून उभी होती. दस्तगीर खांबाशी उभा होता, त्याच्या हातात चावी होती आणि तो कलावतीकडे बघत होता.

कलावतीने खाली पडलेला रुमाल उचलला. तो त्यांना परत दिला नाही, आपल्याच कंबरेला खोचला.

"मंगळवारी सभेत हेच इचाराल का, साहेब?" ती म्हणाली. "असंच, रुमालाबिगर?"